फाशी काहून नाही झाली? जज सजा कशी ठरवतात ते सांगतो

परवा तालुक्याच्या कोर्टासमोरच्या पानठेल्यावर एका काकाजींनी मला हात धरून थांबवलं. डोक्याला दुपट्टा, हातात कापडी पिशवी, पिशवीत पोराचा फोटो आणि पाच वर्षांच्या पेश्या लिहून ठेवलेली शाळेची वही. त्यांच्या पोराच्या खुनाचा निकाल त्याच दिवशी लागला होता, आरोपीला जन्मठेप झाली होती. केस माझी नव्हती, ना ह्या बाजूने ना त्या बाजूने, पण मी तेव्हा मागच्या बाकावर बसून होतो आणि आमच्याकडे काळा कोट दिसला की लोक विचारतातच. म्हणाले, "वकील साहेब, त्यानं माह्या पोराले कुऱ्हाडीनं तोडलं, लोकायनं पाह्यलं, जजनं बी मानलं. मंग फाशी काहून नाही? अन् चौदा वर्सांत तं तो सुटूनही येईन. कोणी म्हणते दिवस येगळा अन् रात्र येगळी मोजते, म्हंजे सातच वर्स."

मी दोन चहा सांगितले आणि तिथेच बाकड्यावर बसलो. त्यांना जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो, कारण हाच प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो आणि ह्याचं नीट उत्तर आपल्या भाषेत कोणी देत नाही.

पहिली गोष्ट अशी की जज मनाला येईल ती शिक्षा देऊच शकत नाहीत. प्रत्येक कलम म्हणजे एक वावर समजा, त्याला खालचा धुरा, म्हणजे बांध, आहे आणि वरचा धुरा आहे, जजला मधल्या जागेतच वखर चालवायचा असतो. मॅजिस्ट्रेटचं, म्हणजे आपण ज्याला जेएमएफसी कोर्ट म्हणतो त्याचं, वावर तर अजूनच लहान, तीन वर्षांच्या वर कैद देताच येत नाही, म्हणून खून, बलात्कार, दरोडा असल्या केसेस सेशन कोर्टात जातात. आणि खुनाचं वावर विचित्र आहे, त्यात मधली जागाच नाही. जन्मठेप नाहीतर फाशी, दोनच. दहा वर्षं किंवा पंधरा वर्षं असं काही सेशन जज खुनाला देऊ शकत नाहीत. म्हणून खरी लढाई बरेचदा शिक्षेच्या दिवशी होतच नाही, ती आधीच होऊन गेलेली असते, की हा खून आहे की सदोष मनुष्यवध, म्हणजे जीव घेतला पण कायद्याने खुनापेक्षा हलका गुन्हा.

काकाजींच्या केसमध्ये भांडण धुऱ्यावरून बंडी नेण्याचं होतं. शिवीगाळ झाली, धक्काबुक्की झाली, शेजारच्या वावरातल्या माणसांनी सोडवलं. त्याच झटापटीत रागाच्या भरात हातातली काठी बसली असती आणि पोरगा गेला असता तर अचानक भांडणाचा अपवाद लागू शकला असता, मग शिक्षा उतरते, काही वेळा दहा वर्षं किंवा त्याच्याही खाली. पण इथे आरोपी घरी गेला, घर तिथून अर्धा किलोमीटर, कुऱ्हाड घेतली, परत आला आणि निंबाखाली पाणी पीत बसलेल्या पोराच्या मानेवर मागून घाव घातला. ते अर्धा किलोमीटर जाणं आणि येणं, तेवढ्या वेळात राग थंडा व्हायला पाहिजे होता, तो ठरवून आला. त्यामुळे खूनच. घटना २०२० ची म्हणून जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०२ लागलं. गुन्हा १ जुलै २०२४ नंतरचा असता तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागलं असतं, शिक्षा तीच आहे, नंबर बदलला.

आता फाशीचं. स्वातंत्र्यानंतर काही वर्षं आजच्या उलट होतं, खुनाला फाशी हाच नेम, आणि जज जन्मठेप देणार असतील तर फाशी का नाही ह्याचं कारण त्यांना लिहावं लागे. १९५५ ला ती अट काढून टाकली. नंतर १९७३ चं कोड, म्हणजे फौजदारी खटला कसा चालवायचा ह्याचा कायदा, आलं तेव्हा गाडी पूर्ण फिरली, आता जन्मठेप हा नेम आणि फाशी द्यायची तर 'विशेष कारणं' लिहायची. मग १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच जजांनी बच्चन सिंग विरुद्ध पंजाब ह्या केसमध्ये तो शब्द दिला जो आता टीव्हीवर रोज ऐकू येतो, दुर्मिळातील दुर्मिळ. लोकांना वाटतं ह्याचा अर्थ खूप क्रूर. पण क्रूर तर प्रत्येकच खून आहे, ज्याचं लेकरू गेलं त्याला कमी क्रूर खून कोणता? बच्चन सिंगमध्ये सांगितलं ते असं की फक्त गुन्हा पाहू नका, गुन्हेगारही पाहा. काय केलं हा एक प्रश्न, आणि करणारा कोण आहे, तो सुधरू शकतो का, पुन्हा करेल का, हा दुसरा. आणि हा माणूस सुधरण्यासारखा नाही हे सरकार पक्षाने पुराव्याने दाखवायचं आहे, आरोपीने नाही.

तीन वर्षांनी, १९८३ मध्ये, मच्छी सिंग केसमध्ये कोर्टाने गुन्ह्याची बाजू कशी पाहायची हे अजून फोड करून सांगितलं, म्हणजे मारण्याची पद्धत कशी होती, हेतू काय, समाजावर परिणाम काय, किती जण मेले, आणि मेलेलं माणूस लेकरू, बाई, म्हातारं असं असहाय होतं का. नंतर बरीच वर्षं खालच्या कोर्टांनी हीच यादी धरली, गुन्हा भयंकर दिसला की फाशी लिहिली, आणि दुसरा प्रश्न मागे पडला. मला वाटतं आपल्याकडे जी काही गडबड झाली ती इथे झाली.

अमरावती जिल्ह्यातली २००७ ची एक केस आहे, तीन वर्षांच्या मुलीवर अत्याचार आणि खून. सेशन कोर्टाने फाशी दिली, नागपूर खंडपीठाने कायम केली, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कायम केली. पण डिसेंबर २०१८ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने रिव्ह्यूमध्ये, म्हणजे स्वतःचाच निकाल पुन्हा तपासताना, ती फाशी काढली आणि मरेपर्यंत सुटका नाही अशी जन्मठेप दिली. का? हा माणूस सुधरू शकतो का हे कोणत्याच कोर्टाने नीट तपासलं नव्हतं. डीएनएचे नमुने घेतले होते पण कोर्टापुढे आणले नव्हते. आणि त्याच्यावर अशाच दुसऱ्या केसेस चालू आहेत ही गोष्ट शिक्षेच्या वेळी त्याच्याविरुद्ध धरली होती, ज्यांचा निकालच लागलेला नव्हता. गुन्हा किती वाईट होता ह्यावर कोर्टाला शंका नव्हती, तो बाहेर येणार नाही ह्याचीही सोय कोर्टाने केली, फक्त जीव घ्यायला जेवढी तपासणी लागते तेवढी झाली नव्हती.

हे सांगितलं तर काकाजी लगेच म्हणाले, "आमच्यावाल्याचे वकील तं म्हणत होते पह्यलाच गुन्हा आहे. पह्यला कायचा? चार रिपोर्ट आहे त्याच्यावर ठाण्यात, साऱ्या गावाले ठाऊक आहे." हा राग मी समजतो. गावाला माणूस माहीत असतो. पण कोर्टात 'धोकादायक' हा शब्द गावाच्या माहितीवर चालत नाही, तो शाबीत झालेल्या शिक्षेवर चालतो. चार रिपोर्ट म्हणजे चार आरोप, त्यातली एकही केस निकालाला गेली नाही, दोन तर आपसात मिटवलेल्या. गाव मिटवून घेतं, पाच हजार घेऊन साक्ष फिरवतं, आणि मग मोठा गुन्हा झाला की कागदावर तो माणूस साफ निघतो. उलट, आधीची खरोखर शिक्षा झालेली असेल तरी ती जजला खटला चालू असताना दाखवत नाहीत, दोषी ठरल्यावरच काढतात, कारण आधीच कळलं तर मन दूषित होईल. मला ही तरतूद कायद्यातल्या सगळ्यात समजूतदार गोष्टींपैकी वाटते. जुनी शिक्षा शाबीत झाली की मात्र ती जड पडते. चोरी, दरोडा ह्या प्रकारच्या काही गुन्ह्यांत दुसऱ्यांदा सापडला तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढवता येते, बलात्काराच्या गुन्ह्यात पुन्हा दोषी ठरला तर मरेपर्यंत कैद किंवा फाशी आहे.

तडीपारीचाही असाच गोंधळ असतो लोकांच्या मनात. तडीपार करणं, एमपीडीएमध्ये, म्हणजे गुंडांना खटल्याशिवाय स्थानबद्ध करायच्या महाराष्ट्राच्या कायद्यात, वर्षभर आत टाकणं, हे जज करत नाहीत, ते एसडीओ, कलेक्टर, पोलीस कमिशनर ह्यांचं काम, आणि ती शिक्षा नाही, पुढे काही करू नये म्हणून आधीच केलेला बंदोबस्त आहे. म्हणजे आपल्याकडे माणूस धोकादायक आहे म्हणून अडवणं हे बरंचसं प्रशासनाकडे आहे, आणि केलेल्या गुन्ह्याची सजा जजकडे. दुसऱ्या देशांत हे एकत्रही केलेलं आहे. कॅनडात जजच एखाद्याला धोकादायक गुन्हेगार जाहीर करून मुदतच नसलेली कैद देऊ शकतात, मग सात वर्षांनी पहिल्यांदा आणि नंतर दर दोन वर्षांनी सोडायचं का ते तपासतात. इंग्लंडनेही २००५ पासून तसली बिनमुदतीची सजा सुरू केली होती, लहान गुन्ह्यातले लोकसुद्धा वर्षानुवर्षं अडकून पडायला लागले म्हणून २०१२ मध्ये बंद केली, पण आधी ज्यांना दिली होती ते अडकूनच राहिले. पुढे कोण काय करेल हे ओळखणं इतकं अवघड आहे, आणि चूक झाली की ती अशी एखाद्याच्या आयुष्यावर बसते.

आता शिक्षेच्या दिवसाचं सांगतो, कारण माझं खरं दुखणं तिथेच आहे. १९७३ च्या कोडपासून नियम आहे की आधी दोषी की नाही हे ठरवा, मग थांबा, आणि शिक्षा किती ह्यावर वेगळं ऐका. नव्या कायद्यातही, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेत, हा नियम तसाच आहे. त्या दिवशी मी पाहिलं ते असं. जज साहेबांनी दोषी धरल्याचं वाचलं, आरोपीला पिंजऱ्यातून पुढे बोलावलं, विचारलं शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का. तो पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत म्हणाला, "साहेब, दोन लेकरं लहान आहे, माय म्हातारी आहे, दया करा." हेच वाक्य मी आजवर किमान तीसेक आरोपींच्या तोंडून ऐकलं असेल. त्याच्या वकिलांनी सांगितलं पहिला गुन्हा, वय कमी. सरकारी वकिलांनी सांगितलं निर्घृण खून, जास्तीत जास्त द्या. लंचनंतर ऑर्डर. काकाजी बाहेरच्या बाकावर भाकरीचं फडकं मांडीवर धरून बसलेले, त्यांना आत काय चाललं हे कोणी सांगितलं नाही. सगळं मिळून पंधरावीस मिनिटं.

आता ह्या पंधरावीस मिनिटांत काय यायला पाहिजे होतं? तो पाच वर्षं कच्चा कैदी म्हणून जेलात होता, तिथे कसा वागला ह्याचा जेलचा रिपोर्ट. प्रोबेशन ऑफिसरने गावात जाऊन काढलेली माहिती, घरचं कसं, शिक्षण किती, लहानपणी काय झालं, दारू किती, आधी कोणाला मारहाण केली का. डोक्याचा काही आजार आहे का ह्याची डॉक्टरांची तपासणी. आणि दुसऱ्या बाजूने, ज्या घराचा पोरगा गेला तिथे आता कमावतं कोण, सुनेचं काय झालं, वावर कोण वाहते. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश ह्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलं की जिथे फाशी होऊ शकते अशा केसमध्ये आरोपीबद्दलचे हे कागद खालच्या कोर्टातच मागवा, सरकार पक्षानेच आणावे. ह्या नियमाचं वजन किती ते नागपूरच्याच एका केसमध्ये दिसलं. २००८ चा चार वर्षांच्या मुलीच्या अत्याचार-खुनाचा गुन्हा, फाशी सुप्रीम कोर्टापर्यंत कायम झालेली, तरी ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टाने शिक्षेपुरती केस पुन्हा ऐकायचं ठरवलं, कारण ही तपासणी झालेली नव्हती. सतरा वर्षांनी! त्या मुलीच्या घरच्यांचा विचार करा. म्हणून मी म्हणतो की शिक्षेच्या सुनावणीत घाई केली तर आरोपीचं जेवढं नुकसान होतं तेवढंच फिर्यादीचंही होतं, निकाल कच्चा राहतो आणि वर जाऊन फुटतो.

फाशी की जन्मठेप हा वाद विदर्भात आपण दोन मोठ्या केसेसमध्ये पाहिला आहे. खैरलांजी, २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, एकाच दलित घरातले चार जण मारले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांना दोषी धरून सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी काढून पंचवीस वर्षांची कैद केली. तिथे सगळा वाद हेतूचा होता. कोर्टाने जुन्या भांडणाचा सूड मानला, ॲट्रॉसिटीचा कायदा लावला नाही, आणि लाखो लोकांना तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की हेतू ओळखण्यातच चूक झाली. मलाही तसंच वाटतं. सूड म्हटलं की गुन्हा दोन घरांपुरता होतो, जातीच्या द्वेषातून केला म्हटलं की तो पूर्ण समाजाला दिलेला धाक होतो, आणि मच्छी सिंगमध्ये समाजावरचा परिणाम हा मुद्दा आहेच. हेतूबद्दलचं एक वाक्य शिक्षेचं वजन फिरवतं ते असं.

दुसरी हिंगणघाटची. ३ फेब्रुवारी २०२० ला कॉलेजात शिकवायला निघालेल्या प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं, १० तारखेला ती गेली, आणि बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ ला हिंगणघाटच्याच कोर्टाने जन्मठेप दिली. लोकांची मागणी फाशीची होती, मोर्चे निघाले होते. त्या दिवशीही मला सगळ्यांनी हेच विचारलं, काहून नाही. उत्तर तेच, क्रौर्याबद्दल कोणाला शंका नसली तरी फाशीसाठी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही शाबीत व्हावं लागतं.

मग काकाजींचा चौदा वर्षांचा प्रश्न. दिवस आणि रात्र वेगळे मोजतात ही निव्वळ अफवा आहे, असं कोणत्याच कायद्यात नाही. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, हे १९६१ मध्येच सुप्रीम कोर्टाने गोपाळ गोडसेच्या केसमध्ये सांगून ठेवलं. मग चौदा कुठून आलं? १९७८ मध्ये एक दुरुस्ती झाली की खुनासारख्या गुन्ह्यात, जिथे फाशी हीसुद्धा एक शिक्षा असते, जन्मठेपेच्या कैद्याला जेलातली माफी वगैरे न धरता खरेखुरे चौदा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सोडायचंच नाही. म्हणजे चौदा हा खालचा धुरा आहे, तिथे पोचला की सुटला असं नाही. चौदानंतर सरकार विचार करू शकतं, जजचं मत घेतलं जातं, आणि महाराष्ट्रात २०१० चे नियम आहेत, त्यात गुन्ह्याच्या प्रकारानुसार वर्षं ठरलेली आहेत, क्रूर गुन्ह्यांना ती चौदाच्या बरीच पुढे जातात. कच्चा कैदी म्हणून काढलेला काळ मात्र धरतात. मध्ये पॅरोल किंवा फर्लोवर, म्हणजे अभिवचन रजा आणि संचित रजेवर, काही दिवस घरी येऊ शकतो, वागणूक चांगली राहिली तर काही जणांना पुढे मोर्शीसारख्या खुल्या जेलात पाठवतात, तिथे शेतीची कामं असतात.

आणि चौदा वर्षं फार कमी, फाशी फार जास्त, असं ज्या गुन्ह्यात वाटतं त्यासाठी २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वामी श्रद्धानंदच्या केसमध्ये मधली वाट काढली, की इतकी वर्षं किंवा मरेपर्यंत सरकारला सोडताच येणार नाही. २०१५ मध्ये पाच जजांनी ती कायम केली पण सांगितलं की खुनाच्या केसमध्ये हा अधिकार फक्त हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाला, सेशन जजला नाही. खैरलांजीची पंचवीस वर्षं आणि अमरावतीच्या केसमधली मरेपर्यंतची कैद हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टातूनच आली. लहान मुलांवरच्या गंभीर लैंगिक अत्याचाराचं वेगळं आहे, तिथे पॉक्सो कायद्यातच २०१९ पासून कमीत कमी वीस वर्षं, मरेपर्यंत कैद आणि फाशी लिहून ठेवली आहे, ते सेशन कोर्ट देऊ शकतं. आणि सेशन कोर्टाने कोणालाही फाशी दिली तरी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय ती लागू होत नाही, आरोपीने अपील केलं नाही तरी केस आपोआप वर जाते.

चहा कधीच संपला होता. काकाजी म्हणाले, "मंग आता आमी काय करावं? आमाले अपील करता येते का?" इथे कायदा त्यांच्या बाजूने कमी आहे आणि ते मी लपवलं नाही. आरोपी सुटला, किंवा खुनाऐवजी हलक्या कलमात दोषी धरला, किंवा भरपाई कमी मिळाली, तर घरचे अपील करू शकतात. पण शिक्षा कमी वाटते म्हणून वाढवून मागायचं अपील सरकारलाच करता येतं, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हे पक्कं सांगितलं. मला हे चूक वाटतं, ज्याचं माणूस गेलं त्याला निदान दारापर्यंत जाता यायला पाहिजे. आज पहिला रस्ता असा की सरकारी वकिलांना लेखी अर्ज द्यायचा, एसपी ऑफिसला प्रत द्यायची, मुदत जाण्याआधी द्यायची. आणि आरोपीने हायकोर्टात अपील केलं तर तिथे आपलं म्हणणं मांडायला वकील लावायचा, पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं. नुकसानभरपाईचंही त्यांना पाच वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्याचा अर्ज करता येतो, सुनेच्या नावाने.

वही उघडून त्यांनी एक एक गोष्ट माझ्याकडून लिहून घेतली, स्वतःला लिहिता येत नाही म्हणून. मग विचारलं, जजनं फाशी काहून नाही दिली हे कुठं लिहिलं असते का. असते, म्हटलं, निकालाच्या शेवटच्या पानांवर, शिक्षेची कारणं, जजना ती लिहावीच लागतात. आम्ही उठून आत गेलो आणि नकलेचा अर्ज टाकला. शुक्रवारी मिळेल म्हणाले. नातीला घेऊन येतो, ते बोलले, ती नववीत आहे, तिले वाचता येते.